घरचं पातेलं

"आज खोक्यात नको हं ताई, ह्यात द्या," म्हणत पोरीने पिशवीतून पातेलं काढलं आणि खिडकीत ठेवलं.

दुकान म्हणजे काय, एक खिडकी आणि आत एक बाई. बसायला बाकडंही नाही. रस्सा-भात बांधून न्यायचा आणि घरी जाऊन खायचा. बाईने झाकण उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. झाकणाची मूठ तुटलेली, तिच्या जागी तारेचं वेटोळं. ते वेटोळं तिनेच वळलं होतं, ज्या घरातून नवऱ्याने तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं त्या घरात.

म्हणजे त्याची नवी बायको ही! रोज येऊन "बटाटा जरा करपू द्या, मिरी भरडून घाला" म्हणणारी. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. असलं खाणारा दुसरा आहे कोण?

"घरी कळू द्यायचं नाही वाटतं?" बाईने विचारलं.

"छे हो! काल खोकं कचऱ्यात दिसता दिसता राहिलं. त्यांना वाटतं, मीच करते. बोटं चाटून जेवतात अगदी." पोरगी लाजून हसली. "म्हणतात, पहिलीच्या हाताला चवच नव्हती. घास नुसता तोंडात फिरायचा म्हणे."

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ते चवीचं बोलणं तिने किती मनाला लावून घेतलं होतं. ही खिडकी उघडली तेव्हा पहिला रस्सा चढवताना तिने दहादा चव घेऊन पाहिली होती. आणि आता तोच मेला तिच्याच हातचं दुसरीच्या नावावर ओरपतोय! सांगूनच टाकावं हिला. घरी जाऊन बोलू दे. अडकू दे घास त्याच्या घशात.

"ताई, काठावर जरा रस्सा उडवा ना," पोरगी काकुळतीला आली. "घरी शिजल्यासारखं दिसू दे. आज सासूबाई आहेत जेवायला. कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत."

तिच्या बोटांवर भाजल्याचे ताजे डाग होते. घरी करून बघत होती बिचारी. सांगितलं तर त्याचा घास अडकेल खरा, पण रस्त्यावर येईल ही.

बाईने डाव आपटून काठावर रस्सा उडवला. करपलेला बटाटा वर दिसेल असा ठेवला आणि झाकण लावलं.

"मला शिकवाल का हो?" पोरगी म्हणाली. "एकदा हात बसला की सुटले मी. मग कशाला कोण घराबाहेर काढतंय!"

बाईने पातेलं तिच्याकडे सरकवलं.

"हात बसला तरी काढतो तो," ती म्हणाली.