बुडबुडेवाले बूट

भूपेशनं बहिणीच्या कानफटात लगावली आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. “बापाच्या शेतातला हक्क सोडल्याची सही कर, भागे, नाईतर एकही बूट ठेवत नाई.” भाग्यश्रीनं बोटभर लांबीचे हे जुने काचेचे बूट बारा वर्षं घुग्घुसच्या भंगारवाल्यांकडे हुडकून जमवले होते. तिनं सहीचा कागद दूर सारला. बुडबुडेवाले, ओबडधोबड बूट त्यानं निकामी समजून आधी चुरडले; काचा तिच्या पावलांत घुसल्या. शेवटचा चकचकीत बूट त्यानं तिच्या तोंडासमोर धरला. “हा महागाचा दिसून राह्यला. आता तरी कर.” तिनं ओठावरचं रक्त पुसलं. “दादा, जुन्या हातघडणीच्या काचेतच बुडबुडे राह्यतात. माहे खरे बूट तू पहिलेच फोडले. हा मागच्या जत्रेतला आहे.” तो बूट त्याच्या हातातून हिसकावून तिनं भिंतीवर आपटला. “आता माहं डोकंच राह्यलं. फोड. सही नाई करत मी.”