आवरलेले पिंजरे

काही बायकांना बाळंतपणानंतर स्वतःच्याच बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही. त्यामागे एखादं जनुक असेल का, हे शोधायला प्रयोगशाळेतल्या मॅडम तीन वर्षं उंदरांच्या मागे लागल्या होत्या. ते जनुक काढून टाकलेली उंदरीण लांब गेलेली पिल्लं उचलून घरट्यात आणणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. पण रोज सकाळी दहाला येऊन बघावं, तर सगळी पिल्लं घरट्यात बिलगून झोपलेली!

आज मात्र त्यांचं डोकं फिरलं. "मामा, पिंजरे रिकामे करून टाका. या आयांना काही धाड भरलेली नाही."

प्राणिघर सांभाळणारे मामा भुसा बदलता बदलता थबकले. "नाही कशी? आठला मी येतो, तर पोरं चारी कोपऱ्यांत गारठलेली आणि ही बया खुशाल खात बसलेली. मीच एकेक उचलून घरट्यात ठेवतो."

"रोज?"

"रोज. पहिल्यापासून."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे मी जे शोधतेय ते रोज आठला सापडत होतं, आणि दहाच्या आत तुम्ही आवरून ठेवत होतात! माझ्या तीन वर्षांची माती केलीत. यापुढे एकाही पिल्लाला हात लावायचा नाही!"

"बरं," मामांनी मूठ उघडली. तळहातावर नुकतंच कोपऱ्यातून उचललेलं, शेंगदाण्याएवढं पिल्लू वळवळत होतं. "मग हे परत कोपऱ्यात ठेवू?"

मॅडमनी वाकून पिल्लाकडे पाहिलं.

"घरट्यात ठेवा," त्या खेकसल्या. "आजच्या दिवस."