सेकंड गिअर

काश्मीरमध्ये दोन हिवाळे लष्कराचा ट्रक चालवून चंदू सुट्टीवर बाळकुमला आला. मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. काकाची जीप मागून घेऊन तो आईला, आवडाबाईला, डोंबिवलीला भाचीच्या हळदीला घेऊन निघाला. बसण्याआधी त्याने वाकून चारही टायरांच्या खाचांत बोट घालून बघितलं.

“नवे हायत ते,” आवडाबाई म्हणाली. “काकानं दिवालीला तर टाकलेत.”

“खाच खोल पायजे, आये. बर्फावर टायरनं धरलं नाय, का गाडी थेट दरीत.”

आवडाबाई हसली.

शीळफाट्याच्या अलीकडे उतार लागला, तशी चंदूने जीप सेकंडला टाकली आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला. पुढची लॉरी त्याने बरीच लांब जाऊ दिली, तरी नजर तिच्यावरून हलेना. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. एक रिक्षावाला शिवी हासडून पुढे गेला. चंदूचा शर्ट घामाने भिजला होता आणि स्टिअरिंग त्याने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. आता आवडाबाईला हसू येईना.

“गाडी बाजूला घे रं, चंदू. ब्रेक मार.”

“ब्रेक मारला तर घसरंल.”

“आरं पोरा, आपल्या शीलला बरफ कुठं दिसतोय तुला?”

चंदूने समोरच्या लॉरीवरून नजर काढली नाही.

“तिथं पण दिसत नव्हता, आये. पुढं चाललेला ट्रक एकदम दिसेनासा झाला, तवा कळलं.”