सापार-आगांच्या घरचं उरलंसुरलं

सापार-आगा लाटणं घेऊन तिसऱ्यांदा कणकेवर तुटून पडले आणि पोळी तिसऱ्यांदा फाटली. बाहेर मुलाची मोटार उभी होती आणि आगांची कपड्यांची पेटी कालच तिच्यात जाऊन बसली होती.

"बाबा, पुरे आता," येर्मेक म्हणाला. "चला अल्मातीला, शहरात माझ्या घरी. आई गेल्यापासून शेजारणींच्या वाडग्यांवर जगताय. कुठवर?"

"ठरलंय ते ठरलंय. तू कांदा चीर."

ठरलं होतं ते असं. हिवाळाभर ज्या तिघी आगांना आळीपाळीने जेवण आणून देत होत्या, त्यांना आज दुपारी आगांनी स्वतःच्या हातचं जेवू घालायचं. जेवून उठताना तिघींनी या घरचं सारकित मागून नेलं, तर आगा गावात राहणार. नाही नेलं, तर तोंडातून शब्द न काढता मोटारीत बसणार. आमच्याकडे पाहुणा ताटातलं उरलेलं घरच्यांसाठी बांधून नेतो, त्याला सारकित म्हणतात. चांगल्या घरच्या अन्नाबरोबर त्या घरचं भाग्य येतं, अशी समजूत आहे. पण अन्न बेचव असलं की बाया भाग्य खुशाल तिथंच विसरून जातात.

मटण होतं कालचं. मुलगा आला म्हणून शिजवलेलं अर्धं उरलं होतं, आणि मांडीचं मानाचं हाड काल मुलालाच वाढून झालं होतं. आगांनी उरलेल्या हाडांवरून मांस बोटांनी सोडवलं, तुकडे केले. हाडं पुन्हा पाण्यात टाकून रस्सा चांगला कढवला. लाटणं फेकून दिलं आणि कणकेचे चिमटीएवढे तुकडे तोडून सरळ उकळत्या रश्श्यात सोडायला लागले. चरबीत कांदा लाल केला, मूठभर मिरी कुटून घातली. येर्मेक डोळे पुसत बघत राहिला. डोळे कांद्याने भरले होते, असं तो म्हणाला.

तिघी आल्या. झाकिश, कुल्याश आणि सगळ्यांत थोरली ओरिन्शा आपा. तिने आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवायचं बाकी ठेवलं नव्हतं. मधोमध मोठं ताट आलं, तसं तिने त्यात डोकावून पाहिलं.

"सापार, मी पंचाहत्तरीची बाई. माझं हाड कुठंय?"

"हाड एक असतं, आपा, आणि तुम्ही तिघी. भांडणं नकोत म्हणून सगळ्यांचंच सोडवून टाकलं."

"आणि हे काय? कोंबड्यांना टाकायचं पीठ?"

"लाटता आलं नाही," आगा म्हणाले. लागोपाठ दुसऱ्यांदा खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

झाकिशने हसू दाबायला डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. ओरिन्शा आपाने एक घास घेतला. मग दुसरा. मग तिने बाही वर सारली आणि बोलायची बंद झाली. ती बोलायची बंद झाली म्हणताच उरलेल्या दोघीही ताटावर वाकल्या. आगा उभ्या उभ्या बघत होते. तेवढ्यात येर्मेक कानाशी लागला.

"बाबा, ताट बघा."

ताट रिकामं होत चाललं होतं. झाकिशने शेवटचा तुकडा उचलला, कुल्याशने ताटाच्या तळाचा रस्सा वाडग्यात ओतून पिऊन टाकला. सारकित न्यायचं म्हणजे काहीतरी उरायला हवं, आणि ताट तर चाटूनपुसून लख्ख झालेलं. आगांना स्वतःचाच राग आला. चांगलं शिजवायच्या नादात ते हरले होते. येर्मेकने खिशातून मोटारीची किल्ली काढली, पण बापाचं तोंड बघून ती हातातच धरून ठेवली.

ओरिन्शा आपाने दोन्ही हात तोंडावरून फिरवून जेवणाअखेरचा आशीर्वाद दिला. मग उठायच्या ऐवजी तिने मांडी बदलली.

"सारकित कुठंय?"

"संपलं, आपा," आगा कसंबसं म्हणाले.

"संपलं म्हणजे? घरी नातवंडं वाट बघतायत. त्यांना काय सांगू? आजीने एकटीनेच खाल्लं? पाहुण्याला रिकाम्या हातांनी पाठवतोस? अरे, लाज वाटू दे जरा!"

"रात्रीसाठी वाडगाभर मटण झाकून ठेवलंय, पण..."

"मग शिजव की. आम्ही बसलोय."

आणि तिघी खरंच बसून राहिल्या. उरलेलं अन्न न्यायला आलेल्या बाया ते अन्न शिजायची वाट बघत तासभर चहा पीत बसल्या, असं आमच्या गावात आजवर घडलं नव्हतं. कुल्याश मदतीला उठली, तर आपानेच तिला हात धरून खाली बसवलं. "तू लाटून ठेवशील. आम्हाला ते तोडलेलंच हवंय."

आगांनी पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं. येर्मेकने किल्ली खिशात घातली, बाह्या सारल्या आणि कणीक तोडायला बसला. आगा शेजारी गुणगुणत होते.

तिघी तीन पिशव्या घेऊन गेल्या. ओरिन्शा आपाची सगळ्यांत जड होती, तरी फाटकापर्यंत ती कुरकुरत होती की कमी दिलं. येर्मेकने बापाची पेटी मोटारीतून उतरवून ओसरीवर ठेवली. मग निघायच्या आधी पातेल्यात डोकावला.

"बाबा, तळाशी थोडं आहे. तुमच्या सुनेला, पोरांना..."

आगांनी छोटा डबा काढला, काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि मुलाच्या हातात दिला.

"डबा परत आणून द्यायचा," ते म्हणाले. "आणि रिकामा आणलास, तर दार उघडणार नाही."