पुढचा पाय

काल डावा पाय पुढे होता, आज उजवा. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बायकोने ते अचूक टिपलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

खाली, बंद पडलेल्या गोदामासमोरच्या उतारावर नवरा दोनचाकी बोर्डवर उभा होता. पुढे एक चाक, मागे एक, मध्ये पाय ठेवायला फळी. वजन टाचांवर टाकलं की बोर्ड एकीकडे वळतो, चवड्यांवर टाकलं की दुसरीकडे. बर्फ नसेल तेव्हा बर्फावरून घसरण्याचा आणि समुद्र लांब असेल तेव्हा लाटांवर स्वार होण्याचा सराव करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. अर्धं आयुष्य तिने बर्फावर आणि लाटांवर काढलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. मागच्या वर्षी डोंगरावर पडून तिचा पाय मोडला आणि तेव्हापासून ती खिडकीजवळच्या या खुर्चीत होती.

शिकणाऱ्याचा पुढचा पाय दोन-चार दिवसांत ठरतो. याचा महिना होत आला तरी ठरत नव्हता. म्हणजे याचं लक्ष पायांत नव्हतंच. ते समोरच्या पोरीत होतं.

पोरगी प्रशिक्षक होती. उंच, उन्हाने रापलेली, सदा हसणारी. नवऱ्याचे दोन्ही हात धरून ती उलटी चालायची आणि ओरडायची, "दादा, खाली नाही, माझ्याकडे बघा!" नजर जिथे जाते तिथे बोर्ड जातो, नवशिक्यांना असंच शिकवतात. बायकोनेही कितीतरी जणांचे हात असेच धरले होते. पण त्यातला एकही तिचा नवरा नव्हता. आणि 'दादा' म्हणायला हल्ली काय लागतं?

नवरा घाम पुसत वर आला. चष्म्याचं दुकान उघडायच्या आत त्याला तिचा चहा, अंघोळीचं पाणी, दुपारचं जेवण, सगळं उरकायचं असायचं.

"काय म्हणते तुझी बाई?" तिने विचारलं.

"कोण बाई?"

"हात धरणारी."

"शिकवायची पद्धत आहे ती. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच विचारतेय."

त्याने कप तिच्या हातात दिला. "एवढं वाटतंय तर खाली ये. जवळून बघ."

"चालता येत असतं तर आले नसते का?"

"डॉक्टर म्हणतात, हाड कधीच जुळलंय."

"डॉक्टरांचा पाय नाही मोडलेला."

तो तिच्या अंघोळीचं पाणी काढायला वळला. तिच्याशी वाद त्याने कधीच वाढवला नव्हता. हल्ली तिला तेही संशयास्पद वाटायचं. इतकं ऐकून घेणारा माणूस नक्कीच दुसरीकडे कुठेतरी सुखात असणार.

ती जळत होती, याला दुसरा शब्द नाही. त्याने नवे बूट घेतले होते. दाढी करताना तो शीळ घालायचा. बर्फ गेला, लाटा गेल्या, आता हाही हातचा गेला तर मागे काय उरणार? रात्ररात्र तिला दुसरं काही सुचायचं नाही.

एक दिवस तो दुकानात गेल्यावर ती उठली. भिंत धरत दारापर्यंत, कठडा धरत जिन्याने खाली. दाराआड ठेवलेला त्याचा बोर्ड तिने काखेत मारला होता. उतारावर पहिल्याच वळणाला ती आपटली, कोपर सोललं. पाय मात्र शाबूत होता. तिथेच बसून ती पोटभर रडली. मग त्या पोरीचं हसणं आठवलं आणि ताडकन उभी राहिली.

संध्याकाळी नवऱ्याने तिच्या लांब बाह्यांकडे पाहिलं. "थंडी वाजतेय?"

"हो," ती म्हणाली.

मग ती रोज दुपारी जाऊ लागली. टाच, चवडा, टाच. शरीर काही विसरलं नव्हतं. प्रत्येक वळणावर ती त्या पोरीला मनातल्या मनात मागे टाकत होती, आणि त्यात तिला भलतीच मजा येत होती.

एका सकाळी नवरा अंघोळीला गेलेला पाहून ती बोर्ड घेऊन खाली उतरली. तो शोधत धावत आला तेव्हा ती उताराच्या माथ्यावर होती आणि पोरगी पायथ्याशी. लांब, मोकळी वळणं घेत ती सुसाट खाली आली आणि बरोबर दोघांच्या मध्ये थांबली.

"यापुढे याचे हात धरलेस तर बघ!"

पोरीने टाळ्याच वाजवल्या. "दादा, जमलं! जमलं हो!"

"काय जमलं?"

पोरगी हसत होती आणि डोळेही पुसत होती. "ताई, दादांना बोर्ड शिकायचाच नव्हता. म्हणाले, ती डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. पण माझा हात दुसऱ्या कोणी धरलेला तिला खपायचा नाही. म्हणून तर रोज तुमच्या खिडकीसमोर!"

बायको ओशाळली. पाय ठरत नव्हता तेव्हाच कळायला हवं होतं. इतकी वर्षं शिकवून शिकणारा कोण आणि सोंग करणारा कोण, एवढंही तिला ओळखता आलं नव्हतं.

"वेडा आहेस तू," ती नवऱ्याला म्हणाली.

जिना ती पुढे आणि तो मागे असे चढले. घरात आल्यावर ती बोलतच सुटली. या हिवाळ्यात डोंगरावर जाऊ, सामान तू धर, पूर्वीसारखं. तो ऐकत होता. मग नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं एकेक विचारू लागला.

"जिना चढताना दुखलं?"

"अजिबात नाही."

"ओट्यापाशी तासभर उभी राहशील?"

"दिवसभर राहीन."

"बाजारातून सामान आणशील एकटी?"

"अरे, डोंगर उतरेन एकटी! बस तू, आजपासून चहा मी करणार."

"म्हणजे माझ्यावाचून काही अडणार नाही."

"काही नाही," ती हसत म्हणाली.

तो बसला नाही. वाकून त्याने पलंगाखालून एक बॅग ओढली. गच्च भरलेली होती, वर धुळीचा थर होता. त्याने तो हाताने पुसला.

"ही कधी भरलीस?"

"तू पडलीस, त्याच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला.