चारशे बारावा शब्द

"याला काय म्हणता?" मास्तरांनी कागदावर एक गोल काढून बोनारियापुढे धरला.

"चाळण," बोनारिया म्हणाली.

"अहो, लहान असतं. बोटात घालतात."

"शिवणाचं अंगुस्तान."

दारात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला. पोर्तुगालपासून रुमानियापर्यंत गावोगावची बोली नकाशावर मांडायचं काम चाललं होतं आणि सार्डिनिया बेटाच्या डोंगरातली गावं त्यांच्या वाट्याला आली होती. वहीत अंगठीच्या पानावर अनेल, अनियो, अनेल्लो, इनेल अशी सख्ख्या बहिणींसारखी नावं ओळीनं बसली होती. या गावाची जागा तेवढी रिकामी. नेम मोठा कडक. विचारणाऱ्यानं शब्द स्वतः उच्चारायचा नाही, दुसऱ्या कुणी सुचवायचा नाही. वस्तू दाखवायची आणि गप्प बसायचं.

बोनारियाला शब्द ठाऊक नव्हता थोडाच! कालपासून चारशे अकरा शब्द तिनं घडाघडा सांगितले होते. मेंढीच्या कानावरच्या खुणेचे म्हणून सात. पण त्रेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई अख्ख्या गल्लीसमोर अंगठीचं नाव घेणार? मेले तरी घेणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्यात तो बाकीस धनगर चौकटीला टेकून उभा.

वीस वर्षांपूर्वी बाकीसनं तिला मागणी घातली होती. म्हणजे त्याच्या काकानं. मुलानं स्वतः विचारायची इथं रीतच नाही. मध्यस्थ जातो आणि म्हणतो, आमचं एक कोकरू हरवलंय, तुमच्या कळपात आलंय का बघा. काकानं विचारलं, बोनारियाच्या बापानं 'नाही बुवा आलं' म्हणून वाटेला लावलं. पुढे काका वारला, मग बापही गेला. तेव्हापासून बाकीस दर रविवारी चीज घेऊन यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून पावसापाण्याचं बोलायचा आणि निघून जायचा. पाठवायला आपलं माणूस उरलं नाही, गावात कुणाला सांगायची लाज, आणि स्वतः बोलणं रीतीत बसत नाही! बोनारियाला त्याचा राग येऊन येऊन आता रागाचाही कंटाळा आला होता. जिनोआहून भावाचं पत्र आलं होतं, एका श्रीमंत घरी कामाला बाई हवी म्हणून. गुरुवारी बंदराकडे जाणारी बस होती. आज मंगळवार. तोवर हा बाबा बोलला तर ठीक, नाहीतर ती समुद्रापलीकडे जाणार आणि परत येणार नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"तुमच्यापैकी कुणाच्या हातातली दाखवता का?" मास्तरांनी बायकांना विचारलं. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं.

सगळ्या बायकांचे हात एकदम एप्रनखाली गेले.

"आमच्या कुठल्या निघतात आता बोटातून," शेजारची पास्कासिया मावशी म्हणाली. "काय रे बाकीस, तुझ्या आईची होती ना? का विकून खाल्लीस?"

बाकीसचे कान लाल झाले. मग त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत सोन्याच्या बारीक तारांची अंगठी होती.

"मास्तर," तो घसा खाकरून म्हणाला, "तुम्हीच दाखवा तिला. तुमच्या हातानं."

वीस वर्षांनी बाकीसला मध्यस्थ मिळाला होता आणि त्या बिचाऱ्या मध्यस्थाला त्याचा पत्ताही नव्हता.

"वा! छान सोय झाली," मास्तर खूष होऊन म्हणाले. त्यांनी पेन्सिल सरसावली, अंगठी चिमटीत धरली आणि नेमाप्रमाणे विचारलं, "बाई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

पास्कासिया मावशीच्या जिभेवर 'आनेद्दु' आलाच होता. तिनं हातानं तोंड दाबून धरलं.

बोनारियानं अंगठी पाहिली. मग मास्तरांच्या खांद्यावरून उंबऱ्याकडे पाहिलं. बाकीस दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत उभा होता. तिला त्याचा संताप आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"लिहा मास्तर," ती म्हणाली, "आमच्याकडे याला उशीर म्हणतात." आणि तिनं डावा हात पुढे केला.