चौदावा चौकोन

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी वसवलेल्या पहिल्या घरांपैकी एकाच्या तीन भिंती अम्ब्रोज नोझवर्दीच्या परसात सापडल्या. खणण्यासाठी परसाचे दोरीनं चौदा चौकोन आखले होते; चौथी भिंत आणि चूल होती चौदाव्या चौकोनाखाली. आणि चौदाव्या चौकोनात रुबार्बचं जुनं आळं होतं, आंबट लाल देठांनी गच्च भरलेलं.

"याला हात लावायचा नाही," म्हातारा अम्ब्रोज म्हणाला.

"काका, चारशे वर्षांचं घर आहे खाली," उत्खनन करणारी टेसा म्हणाली.

"चारशे वर्षं थांबलंय ना? मग आणखी थोडं थांबेल."

"थोडं म्हणजे किती?"

"मी आहे तोवर. डल्सीनं लग्नाच्या वर्षी लावलंय हे. ती गेल्यापासून मुरंबा मीच घालतो. पण माझा नुसता गोड होतो."

त्यानं पावाला मुरंबा फासून तिच्या हातात दिला. टेसानं खुरपं खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

हंगाम संपला तशी ती परसातच बसून तक्ता भरू लागली. 'वस्ती केव्हा उठली' या रकान्यात तेरा चौकोनांपुढे तिनं एकच लिहिलं: सोळाशे पासष्टच्या सुमारास, आगीनंतर. चौदाव्यापाशी तिचं पेन थांबलं. पलीकडे म्हातारा गुडघे टेकून आळ्यावर समुद्रातलं शेवाळ पसरत होता. "थंडी पडेल गं आता," असं काहीतरी पुटपुटत, पांघरूण घालावं तसं.

तिनं लिहिलं : घर अजून नांदतं आहे.